आधी ढाळ, मग टाइल

कोकणातल्या जुन्या घरांत न्हाणी कुठे काढायची हे पाणीच ठरवायचं. घराच्या मागल्या अंगाला, जमीन जिकडे उतरते तिकडे न्हाणी. तिचं पाणी वाहत जाईल तिथे अळू, केळ, नाहीतर माड. अंगावर घेतलेल्या पाण्याचं पुढे काय होतं हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. अळूच्या फदफद्यातून ते ताटातही येई. (त्याच घरांतला संडास कुठे असे आणि तो कोण साफ करी, हे मात्र आपण आठवणींच्या लेखांत लिहीत नाही. त्याकडे येतोच.)

आज फ्लॅटमधलं बाथरूम नव्याने करायचं ठरलं की सुरुवात टाइलच्या दुकानातून होते. रंग ठरतो, काचेचं पार्टिशन ठरतं, कमोड या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो, आणि सगळं ठरल्यावर प्लंबरला बोलावून सांगितलं जातं, ‘बसवा’. तो बिचारा डोकं खाजवतो. कारण डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाईप जिथून उतरतात ती उभी पोकळी, आहे तिथेच आहे. कमोडचा पाईप चार इंची. त्याला चाळीसला एक असा ढाळ द्यायचा म्हटलं तर दहा फुटांवर तीन इंच उतार लागतो. बाथरूमचा स्लॅब बहुतेक इमारतींत फूटभर खाली दाबलेला असतो. त्या फुटात चार इंचांचा पाईप, तीन इंचांचा उतार, शिवाय वॉटरप्रूफिंग, विटांचे तुकडे, कोबा आणि फरशी बसवायची. हिशोब तिथेच अडतो. मग कुणीतरी सुचवतं, फरशीच उचलून घेऊ. दाराशी सहा इंचांची पायरी येते आणि त्या पायरीला रात्री-अपरात्री आजी अडखळतात. नाहीतर ढाळ कमी केला जातो. पाणी पुढे निघून जातं, मैला मागे राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे पाईप न्यायला बीम फोडला जातो, आणि बीम काही एकट्याच्या मालकीचा नसतो.

हे सगळं हौसेपोटीच होतं असं नाही. पुष्कळदा ते वास्तुशास्त्राच्या नावाने होतं. ईशान्येला संडास नको म्हणून तो उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. बांधताना संडासाखाली संडास आणि मोरीखाली मोरी ठेवलेली असते, ती गळती झाली तरी ओल्या जागीच व्हावी म्हणून. तुम्ही कमोड हलवलात की तो कुणाच्या तरी ओट्यावर, क्वचित देव्हाऱ्यावरही येतो. आपल्या घरातला दोष काढून तो खालच्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि वर शांतीही करून घ्यायची, याला कोणतं शास्त्र म्हणायचं? शेजाऱ्याच्या छताची दिशा त्यात कुठेच येत नाही.

बाल्कनीची गोष्टही तशीच. ती बंद करून तिथे वॉशिंग मशीन ठेवतात आणि मशीनचा पाईप जवळच्या पावसाळी पाईपात सोडून देतात. मुंबईत पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पावसाळी पाईपात गेलेलं साबणाचं पाणी कुठल्याही शुद्धीकरणाविना नाल्यात, तिथून खाडीत जातं. त्याच खाडीच्या वासाबद्दल आपण नंतर तक्रार करतो.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट, साफ कोण करतं ही. बाथरूमचं काम संपताना उरलेलं सिमेंट आणि जोड भरायची पांढरी पेस्ट गवंडी घमेल्यात धुतो आणि नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या तोंडात, ओतून देतो. ते पुढच्या वळणावर घट्ट बसतं. वर्षभराने चेंबर तुंबतो. सोसायटीचा सेक्रेटरी फोन करतो, दोन माणसं येतात, झाकण उघडतात आणि त्यातला एक खाली उतरतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर आणि साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला दहा लाख द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे माणसं उतरतच होती. ती कोणत्या जातींतली असतात हे इथे लिहायची गरज नाही.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात कोकणातले गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्याला भंगीकाम करू द्यावं म्हणून अन्नाचा सत्याग्रह केला आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजीही त्यांच्यासाठी उपवासाला बसले. ही कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पांनी संडासाच्या रचनेवरच प्रयोग केले. आपण झाडू हाती घेतला एवढ्याने भागणार नाही, संडास असा बांधला पाहिजे की मैला कुणाला हाताने उचलावाच लागू नये, हे त्यांनी ओळखलं होतं. जातिभेद नुसता मनात नसतो, तो बांधकामातही असतो. घरापुढे दिवाणखाना आणि मागे भंग्याची वाट, अशी ती बांधणी होती. मागची वाट गेली, पण चेंबरचं झाकण आहे, आणि ते उघडलं की कोण उतरणार हे आजही आधीच ठरलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की बाथरूमचा नकाशा डक्टपासून मागे काढत यावं. कमोड डक्टच्या सर्वांत जवळ, मग नहाणी ट्रॅप, मग बेसिन. वळणं कमी, आणि जिथे वळण आहे तिथे साफसफाईचं तोंड उघडता येईल असं. ‘दिसायला वाईट’ म्हणून हवेचा पाईप कापू नये. तो कापला की वरच्याने फ्लश केल्यावर खालच्याच्या ट्रॅपमधलं दोन इंच पाणी ओढलं जातं, आणि त्या पाण्यानेच गटाराचा वास अडवून धरलेला असतो. टाइल शेवटी. राडारोडा पोत्यात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी बेसिन चार फूट सरकवलं होतं, उजेड चांगला येतो म्हणून. यंदा पुन्हा काम काढलं तेव्हा नवा प्लंबर म्हणाला, ‘काका, आधी खाली जाऊन येऊ.’ सोसायटीच्या नियमांप्रमाणे घरातल्या संडास-सिंकची गळती ज्याची त्याने निस्तरायची असते. पण माझ्याकडे कधी कुणी आलंच नव्हतं. खालच्या काकूंनी दिवा लावला, स्टूल आणून दिलं. छतावर माझ्या बेसिनच्या बरोबर खाली ओलीचा डाग पसरलेला, पोपडे सुटलेले, आणि खाली एक निळी बादली. ‘सांगितलं का नाहीत?’ मी विचारलं. ‘तुमची आई आजारी होती तेव्हा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मग राहूनच गेलं.’ बादली भरत आली होती. त्यांनी ती मोरीत रिकामी केली आणि परत त्याच जागी आणून ठेवली.