भूमीखालचा शेजार

विहीर माझ्या जमिनीत आहे, म्हणून तिचे पाणी माझे, असे आपण सहज म्हणतो. ब्रिटिश अमदानीतल्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानेही, ठराविक प्रवाहात न वाहणारे भूगर्भातले पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केला. पण जमिनीखाली हद्दीचे दगड कोण रोवणार?

गोव्याची किनारपट्टी घ्या. तेथे वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांतून पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तोललेले असते. खारे पाणी किंचित जड. म्हणून समुद्रपातळीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट टिकते. हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये मांडला गेला. त्याची उलट बाजू अशी की, उपशाने पातळी एक फूट खाली गेली की खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू पाहते.

तेल आणि पाणी एकमेकांना रेटतात, तरी वेगळी राहतात. गोडे आणि खारे पाणी मात्र एकजीव होते. एक थेंब रुंद वाटेने पुढे जातो, दुसरा अरुंद फटीत रेंगाळतो. त्यामुळे दोहोंमध्ये रेघ उरत नाही, मचूळ पाण्याचा पट्टा तयार होतो. शंभर घागरींत तीन घागरी समुद्राचे पाणी मिसळले तरी चव बिघडते. पुढे उपसा थांबला, भरपूर पाऊस पडला, तरी बारीक फटींत मुरलेला खारटपणा लवकर धुऊन निघत नाही.

इथे नीतीचा खरा पेच आहे. पंप एकाचा, खारट होते विहीर दुसऱ्याची. तीही कित्येक महिन्यांनी. उपसणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. शिवाय असे उपसणारे अनेक. मग दोष कोणाच्या पदरी घालायचा? अपराध सिद्ध झाल्यावरच संयम पाळायचा म्हटले, तर तोवर शेजाऱ्याचे पाणी गेलेले असते. गोव्याने २००२ साली भूजल नियमनाचा कायदा करून विहिरींवर नोंदणीचे व परवानगीचे बंधन घातले, ते योग्यच झाले. पण रात्री पंपाची कळ दाबणारा हात प्रत्येक वेळी कायद्याला दिसत नाही.

म्हणून मला वाटते, मालकी हद्दीपाशी संपली तरी जबाबदारी तेथे संपत नाही. जे एकदा मिसळले की सहजी वेगळे करता येत नाही, त्याच्या बाबतीत तरी काळजी आधी घ्यावी. हक्काची भाषा मागाहून बोलावी.