नाव न विचारणारी वाट

आमच्या चिखलीला रेल्वे नाही. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची. तो मार्ग चिखलीवरून जाईल या आशेवर येथे पिढ्या सरल्या. मुंबईला निघालेला माणूस आजही आधी एस. टी. ने मलकापूर नाहीतर शेगाव गाठतो आणि तेथून रात्रीची गाडी धरतो. प्रवास म्हणजे विचारपूस, हे समीकरण त्यामुळे आमच्या अंगवळणी पडले आहे. बसवर पाटी असते. पण नुसत्या पाटीवर विसंबून कोणी बसमध्ये चढत नाही. ‘दादा, ही मेहकरला जाते ना?’ असे वाहकाला विचारायचे आणि आत बसल्यावर शेजारच्या मावशींकडून त्याची पुन्हा खात्री करून घ्यायची. उत्तर देणाराही नुसते उत्तर देऊन थांबत नाही. गाव कोणते, निघालात कोणाकडे, आडनाव काय, हे सारे त्याला हवे असते. वाट सांगण्याच्या निमित्ताने ओळख निघते आणि मेहकर येईपर्यंत एकाच्या फडक्यातली भाकर दोघांची होते.

अशा मुलखातला माणूस मुंबईच्या भुयारी मेट्रोत उतरला की त्याला प्रथम जाणवते ती तेथील अबोल शिस्त. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची, २७ स्थानकांची मार्गिका ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. आपली रात्रीची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. तेथेच जमिनीखाली या मार्गिकेचे स्थानक आहे. तिकीट यंत्र देते. तिकिटावरची खूण काचेसमोर धरली की फाटक उघडते. सरकता जिना खाली नेतो. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये काचेची भिंत असते. गाडी येऊन थांबली की गाडीची आणि भिंतीची दारे एकाच वेळी उघडतात. पुढचे स्थानक कोणते, दार कोणत्या बाजूला उघडेल, हे निवेदनातून कळत राहते. एका माणसाशीही न बोलता महानगराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येते. विदर्भालाही हा अनुभव आता नवा नाही. नागपूरची मेट्रो ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाली, आणि तिच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात.

हे सारे समजून घेणे वाटते तितके अवघड नाही. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे. आपल्या मार्गिकेचा रंग कोणता, आपण जाणार त्या दिशेचे शेवटचे स्थानक कोणते आणि मार्गिका बदलायची ती कोठे. टर्मिनसहून अंधेरीला जायचे तर आरेच्या दिशेची गाडी धरावी, मरोळ नाक्याला उतरावे आणि तेथून वर्सोव्याच्या दिशेने जाणाऱ्या मेट्रोत बसावे. यात एक गंमत आहे. आरे किंवा वर्सोवा येथे आपल्याला जायचेच नसते. तरी ती नावे ठाऊक असावी लागतात, नाहीतर योग्य मार्गिकेवर उभे राहूनही आपण उलट्या दिशेला जातो. ही तीन सूत्रे ज्याला उमगली त्याला कोणाचेही बोट धरावे लागत नाही.

आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो. ज्या प्रवासात कोणाला काही विचारावे लागत नाही, तो प्रवास अधिक मानवी की कमी मानवी? मेट्रोतल्या त्या अबोल गर्दीविषयी गावाकडचा माणूस परत आल्यावर हमखास म्हणतो, ‘सोय फार, पण माणुसकी नाही.’ आपण सारेच त्यावर मान डोलावतो. ते मान डोलावणे कितपत योग्य आहे, हे तपासून पाहावे असे मला वाटते.

या तक्रारीला तत्त्वज्ञानाचाही आधार आहे. ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माणसाच्या संबंधांचे दोन प्रकार सांगितले: ‘मी–तू’ आणि ‘मी–ते’. समोरच्याला ‘तू’ म्हणून भेटावे, तेव्हा मीही पूर्ण माणूस होतो. त्याला ‘ते’ म्हणजे वस्तू केले की माझेही काही उणावते. या कसोटीवर मेट्रोचे फाटक सपशेल नापास होते. त्याला माझे मुख दिसत नाही. दिसते ती तिकिटावरची खूण. मी आजारी आहे की आनंदात, लग्नाला निघालो आहे की अंत्यविधीला, याचे त्याला सोयरसुतक नाही.

परंतु मुख पाहणे, नाव विचारणे, ओळख काढणे हे नेहमीच प्रेमाचे लक्षण असते काय? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच एका रेल्वे स्थानकावर मिळते.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याला राहणारा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा भाऊ आणि बहिणीच्या मुलांसह वडिलांना भेटायला निघाला. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून कोरेगाव येथे तलावाचे खोदकाम चालले होते आणि वडील तेथे रोखपाल होते. मुलांनी नीटनेटके कपडे घातले, तिकिटे काढली, गाडीत बसली आणि मसूर स्थानकावर उतरली. मुले येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती वेळेवर पडले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली: कोण, कुठले, कोणाकडे निघालात? मुलांनी निरागसपणे सांगितले की आम्ही महार आहोत. त्या एका शब्दासरशी त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरकला. बैलगाडीवाले मुलांना गाडीत घेईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने पायी चालू. सोबत शिदोरी होती. पण वाटेत पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले त्या रात्री न जेवताच झोपली. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग स्वतः नोंदवून ठेवला आहे.

या प्रसंगातील एक तपशील विचार करायला लावणारा आहे. साताऱ्यापासून मसूरपर्यंत या मुलांना काहीच अडचण आली नाही. तिकिटाने त्यांना जात विचारली नाही, डब्याने विचारली नाही, इंजिनाने विचारली नाही. जेथवर यंत्रणा होती तेथवर ती मुले इतरांसारखीच प्रवासी होती. यंत्रणा संपली आणि माणूस सुरू झाला, तेथे अपमान सुरू झाला. ज्या विचारपुशीला आपण माणुसकी म्हणतो, त्याच विचारपुशीने त्या लेकरांना तहानलेले ठेवले.

म्हणून मला म्हणावेसे वाटते, की जे फाटक कोणाचेही नाव विचारत नाही, त्याच्या त्या न विचारण्यातही एक प्रकारची करुणा आहे. ज्याला आडनाव सांगताना कधी चाचरावे लागले नाही, त्याला तो नुसता कोरडेपणा वाटेल. ज्याने आडनावापायी पाण्याचा तांब्या मागे घेतलेला पाहिला, त्याला तोच सन्मान वाटेल. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलीला विचारा. कोणाचीही मनधरणी न करता, कोणाच्या नजरेला उत्तर न देता घरी पोहोचता येणे ही तिच्या दृष्टीने केवळ सोय नाही. तो तिचा हक्क आहे.

शिवाय यंत्रणा म्हणजे नुसते लोखंड नव्हे. तिच्यामागे माणसे असतात. फक्त ती आपल्याला कधी भेटत नाहीत. जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी अनेक वर्षे खटपट करणारे चार्ल्स पिअर्सन हे नगराचे कायदेविषयक अधिकारी होते. कोंदट वस्त्यांत राहणाऱ्या कामगारांना शहराबाहेर मोकळ्या हवेत घर करता यावे आणि रोज कामावर येता यावे, असा त्यांचा ध्यास. १८६२ साली, गाडी धावण्यापूर्वी काही महिने, त्यांचे निधन झाले. त्याच लंडनच्या रेल्वेचा नकाशा १९३१ साली हॅरी बेक या आरेखकाने नव्याने आखला. विजेच्या मंडलाची आकृती काढावी तशा त्याने सरळ आणि तिरक्या रेघा ओढल्या. खरी अंतरे आणि वळणे सोडून दिली, आणि परक्या माणसाला हवे तेवढेच ठेवले: कोणत्या स्थानकानंतर कोणते, आणि बदलायचे कोठे. १९३३ साली तो नकाशा छापला गेला. मेट्रोतले नकाशे आजही बहुधा त्याच वळणाचे असतात. फलाटावर पायांना खडबडीत लागणाऱ्या पिवळ्या फरश्यांची पट्टी आपण पाहतो. अंधांना पावलांनी वाट कळावी म्हणून सेईची मियाके या जपानी गृहस्थाने ती कल्पना काढली, आणि १९६७ साली ओकायामा शहरात अशा फरश्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या.

ज्या अंध माणसाला मियाके कधी भेटणार नव्हते, त्याच्या पावलांचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला. याला काय म्हणावे? बूबरना अभिप्रेत असलेली ‘मी–तू’ भेट ही नाही, हे खरे. पण जो अजून आलेला नाही, ज्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही, त्याच्यासाठी वाट निर्वेध करून ठेवणे हेही प्रेमच नव्हे काय? समोरच्यावर प्रेम करायला हृदय लागते. न दिसणाऱ्यावर प्रेम करायला हृदयाबरोबर विचारही लागतो.

येथे वाचक एक रास्त आक्षेप घेतील. मेट्रो नाव विचारत नाही. पण पैसे विचारतेच. भुयारी मार्गिकेचे भाडे १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा प्रवास त्याहून कितीतरी स्वस्त. रोजंदारीवर जगणाऱ्याला या काचेच्या दाराआडचा गारवा परवडेलच असे नाही. आणि ही वाट कोणाच्या अंगणातून गेली, हाही प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये या मार्गिकेच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर बहुतेक झाडे पडली होती. आरेच्या पाड्यावरील आदिवासींना आपली घरे सोडावी लागली. गिरगाव-काळबादेवीतील जुन्या चाळी पडल्या. पिअर्सनच्या लंडनमध्येही पहिल्या भुयारासाठी गरिबांच्याच वस्त्या उठवल्या गेल्या होत्या. वाट सर्वांसाठी असेल, तर तिचे मोल काही थोड्यांनीच का मोजावे? न दिसणाऱ्या प्रवाशावर प्रेम करताना दिसणाऱ्या रहिवाशाला विसरले, तर त्या प्रेमात काहीतरी खोट आहे. यंत्रणा न्याय्य आहे की नाही, हे तिच्या फाटकाशी उभे राहून ठरत नाही. तिच्या पायाशी कोण गाडले गेले, तेही पाहावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. कितीही दूरदृष्टीने आखलेली व्यवस्था सर्व माणसांचा विचार आधी करू शकत नाही. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या स्थानकात थोडा वेळ उभे राहा. नातवाच्या उपचारांचे कागद पिशवीत घेऊन गावाकडून आलेले आजोबा सरकत्या जिन्यापाशी थबकलेले दिसतील. पाऊल टाकावे की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही. नकाशा समोरच असतो. पण तो वाचणाऱ्यासाठी असतो. मागून येणारी गर्दी त्यांना वळसा घालून पुढे जाते. त्या गर्दीत कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाची अशी समजूत आहे, की व्यवस्था आहे, ती पाहून घेईल.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला शोमरोनी उचलतो. त्याचे नाव, गाव, जात तो विचारत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या भाषणात या गोष्टीचा पुढचा टप्पा दाखवला होता. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पडलेल्याला उचलणे ही सुरुवात झाली. ज्या वाटेवर माणसे पुनःपुन्हा लुटली जातात, ती वाटच बदलली पाहिजे. मला वाटते, याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वाट बदलली, दिवे लागले, पहारे बसले, तरी त्या वाटेवर कोणीतरी थबकणारच. तेव्हा थांबणारा शोमरोनी लागेलच.

चांगली वाट आणि चांगला वाटसरू यांत निवड करायची नसते. एकाला दुसऱ्याची सबब करायची नसते, इतकेच. शहरातल्या बांधवांनी व्यवस्थेवर भार टाकून डोळे मिटू नयेत. सरकत्या जिन्यापाशी थबकलेल्या माणसाला ‘काका, माझ्याबरोबर या’ एवढे म्हणायला अर्धे मिनिट लागते, आणि मेट्रो काही मिनिटांत पुन्हा येते. आपल्या घरातील मुलांना मेट्रोचा नकाशा वाचता येतो. ज्याला तो वाचता येत नाही, त्याच्याकडे वळून पाहायलाही त्यांना शिकवले पाहिजे.

आणि आम्हा गावाकडच्यांचे काय? आमच्या माणुसकीचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. पण वाट सांगण्याआधी आम्ही आडनाव विचारतो ते कशासाठी? ओळख वाढावी म्हणून, की किती अंतरावर उभे राहायचे हे ठरवता यावे म्हणून? ख्रिस्ती म्हणवणारी आपली कुटुंबेही या सवयीतून सुटलेली नाहीत. सोयरीक जुळवताना ती कशी डोके वर काढते, हे आपण जाणतो. मुंबईच्या जमिनीखाली एक निर्जीव फाटक दररोज हजारो माणसांना, ती कोण आहेत हे न विचारता, वाट मोकळी करून देते. आपण तर सजीव आहोत. कोणी वाट विचारली, तर आधी वाट सांगावी. तहान लागली असेल तर पाणी द्यावे. नाव त्याला सांगावेसे वाटले, तर तो आपणहून सांगेल.