झोपेचा हिशोब

परदेशाहून येणारी विमानं मुंबईत नेमकी अपरात्रीच का उतरतात, हा प्रश्न कोणाला तरी आणायला सहार विमानतळावर गेलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. उत्तर बरंचसं युरोपात सापडतं. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणांना बंदी आहे. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेतल्या विमानांच्या ये-जेवर वर्षाला ५,८०० ची मर्यादा आहे. आसपासच्या रहिवाशांनी झोपमोडीविरुद्ध वर्षानुवर्षं आरडाओरडा केला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यामागून हे नियम आले. मुंबईत तशी बंदी नाही. त्यामुळे फ्रँकफर्टहून दुपारी एकला निघालेलं विमान आठेक तास उडून, घड्याळातला फरक धरता, आपल्याकडे रात्री एक-दीडला टेकतं. दोनेक तासांत परत फिरतं आणि तिकडे उजाडल्यावर पोचतं. कंपनीचं विमान रिकामं उभं राहत नाही, जर्मन माणसाची झोप मोडत नाही. मोडते ती आपली.

एअरपोर्टजवळ हॉटेल घ्यावं का, आणि कोणतं, हा प्रश्न इथून सुरू होतो. पण मराठी मध्यमवर्गीय घरात तो असा मांडलाच जात नाही. तिथे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: चार तासांसाठी एवढे पैसे कशाला घालवायचे? हिशोब चोख वाटतो. त्यात एकाच रकमेची नोंद नसते, ती झोपेची. आपली तर नसतेच, दुसऱ्याचीही नसते.

पुण्याला जाणाऱ्यांचं उदाहरण घेऊ. गाडी आधीच सांगून ठेवलेली असते, 'उतरलो की निघायचं, पहाटेपर्यंत घरी.' ड्रायव्हर संध्याकाळी पुण्याहून निघालेला असतो. विमान तासभर लेट होतं, इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा, यात आणखी तास-दीड तास जातो. तोवर तो पार्किंगमध्ये सीट मागे करून पडलेला, पण फोन कधी वाजेल या धास्तीनं अर्धा जागाच. मग आपण मागच्या सीटवर बसतो आणि वाशीचा पूल यायच्या आत घोरायला लागतो. ९४.५ किलोमीटरचा एक्स्प्रेस वे हा माणूस नेमका त्या वेळेला कापतो, जेव्हा शरीर सगळ्यात जास्त झोप मागत असतं. पहाटे चारला खालापूरच्या फूड मॉलवर उभे राहा. बाटलीतलं पाणी तोंडावर मारणारे, चहाचा कप हातात धरून डोळे मिटून उभे असलेले ड्रायव्हर दिसतील. आपण वाचवलेलं हॉटेलचं भाडं त्यांच्या डोळ्यांवर असतं, आणि त्याच डोळ्यांच्या भरवशावर आपलं कुटुंब पुढे घाट चढणार असतं.

मुंबईच्या टॅक्सी-रिक्षाचं दरपत्रक याबाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. रात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पाव भाडं जादा. म्हणजे रात्री जागण्याला किंमत आहे, हे सरकारदरबारी मान्य झालेलं आहे. घरच्या हिशोबात ते अजून मान्य व्हायचंय.

पूर्वी ही अडचण पार्ल्याची मावशी सोडवायची. रात्री अडीचला बेल वाजली की दार उघडायचं, गादी घातलेली असायची, 'दोन घास खाऊन घे' म्हणत आमटी गरम व्हायची. या आठवणीनं आपण गहिवरतो आणि हॉटेलांच्या जमान्याला नावं ठेवतो. पण त्या रात्री मावशीची झोप गेली, सकाळी तिला डबे करायचे होते, हे कोणी मोजलं? प्रेमाखातर केलेल्या गोष्टीचं मोल शून्य धरायची सोय आपल्याला आवडते. आज ती पंचाहत्तरीला आली आहे, जुनी इमारत पाडून टॉवर झालाय, खाली वॉचमन फोन करून खात्री केल्याशिवाय वर सोडत नाही. तिला अपरात्री उठवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, पेढे घेऊन तिच्याकडे जेवायला जाणं हे नातं जास्त जपणारं आहे.

हॉटेलच्या बाजूनं माझा मुद्दा एवढाच आहे की तिथे जागणारा माणूस पगारावर जागतो, पाळीनं जागतो आणि सकाळी घरी जाऊन झोपतो. रात्रीच्या मुक्कामात आपण खोलीपेक्षा या जागेपणाचे पैसे देत असतो. म्हणून निवडताना स्विमिंग पूल आणि नाश्त्याचे फोटो पाहण्यात अर्थ नाही. पहाटे तीनला रिसेप्शनवर कोण असेल आणि त्याला आपण येणार हे माहीत असेल का, हे पाहायचं.

इथे हॉटेलांचं घड्याळ आडवं येतं. त्यांचा दिवस दुपारी दोनला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो. हा दिवस सुट्टीवर येणाऱ्यांच्या सोयीचा आहे. देवस्थानांच्या गावातल्या बऱ्याच लॉजवर 'चेकआउट २४ तास' अशी पाटी असते, कारण भाविक एसटी जेव्हा पोचेल तेव्हा पोचणार, हे लॉजवाल्याला ठाऊक आहे. रेल्वेच्या रिटायरिंग रूमही बारा किंवा चोवीस तासांच्या हिशोबानं मिळतात. बड्या हॉटेलांना मात्र हे साधं शहाणपण सुचलेलं नाही. त्यामुळे १५ तारखेला, मध्यरात्र उलटून एकला उतरणाऱ्याला बुकिंग १४ तारखेचं करावं लागतं. तिकिटावर १५ आहे म्हणून १५ चं केलं, तर खोली आपली होते दुपारी दोनला. आणि १४ चं बरोबर केलं, पण उशिरा येणार हे कळवलं नाही, तर 'पाहुणे आले नाहीत' म्हणून खोली दुसऱ्याला जाऊ शकते. त्यातून बऱ्याच हॉटेलांत रात्री दोन-तीनच्या सुमारास नाइट ऑडिट चालतं. दिवसाचे हिशोब बंद होतात, कॉम्प्युटरमधली तारीख बदलते, आणि काउंटरवरचा मुलगा 'सर, पाच मिनिटं, सिस्टिम चालू होतेय' म्हणत आपल्याकडे पाहत राहतो. अमेरिकेहून आलेल्या नातवंडाचा पासपोर्ट परदेशी असेल, तर परदेशी पाहुण्यांसाठी भराव्या लागणाऱ्या सी फॉर्मसाठी पासपोर्टची पानंही स्कॅन होतात. अर्धा तास असाच जातो.

'एअरपोर्टला लागून' या शब्दांवरही भिस्त ठेवू नये. आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टर्मिनल दोनवर उतरतात. सांताक्रूझ बाजूचं टर्मिनल एक रस्त्यानं काही किलोमीटर लांब आहे. नकाशावर भिंतीला चिकटलेलं दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात वळसा घालून गाठावं लागतं. दुसरीकडे, तासन् तास रांगेत थांबलेल्या टॅक्सीवाल्याला मरोळचं जवळचं भाडं नको असतं, आणि त्याचंही चुकत नाही. रात्रभर गाडी पाठवणारं हॉटेल थोडं महाग पडलं, तरी शेवटी स्वस्तच.

प्रत्येक वेळी हॉटेल घ्यावं असंही नाही. सकाळी सातला नागपूरचं विमान असेल, तर पाचला पुन्हा विमानतळावर हजर व्हायचं; दीड तासासाठी खोली घेणं ही उधळपट्टीच. तिथे टर्मिनलमधलं तासांवर मिळणारं ट्रान्झिट हॉटेल किंवा सरळ एक खुर्ची पुरते. एकटा तरुण, पाठीवर सॅक, आणि सकाळी दादरहून पहिली गाडी धरायची असेल, तर त्यानं खुशाल जागावं. स्वतःची झोप खर्चायचा त्याला हक्क आहे. प्रश्न दुसऱ्याच्या झोपेचा आला की मात्र हा हक्क संपतो.

युरोपातल्या रहिवाशांनी आपली झोप कायद्यात बसवून घेतली आणि तिचा भार रात्रीबरोबर पूर्वेकडे सरकवला. तो आपण आणखी खाली, ड्रायव्हरवर आणि मावशीवर सरकवतो, आणि त्याला काटकसर म्हणतो. विमानांच्या वेळा आपल्या हातात नाहीत. गाडी कधी बोलवायची हे आहे. तेव्हा तिकीट काढाल त्याच दिवशी, डोकं ताळ्यावर असताना, आदल्या तारखेची खोली घ्या, हॉटेलला फोन करून उतरायची वेळ सांगून ठेवा. आणि पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोलवा, म्हणजे ड्रायव्हरही रात्री घरी झोपून येईल.