आदरार्थी बहुवचन

सातवीच्या वर्गावर व्याकरणाचा तास चालू होता. फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिली होती : ‘मुख्याध्यापक आले.’ ‘शिपाई आला.’ माणूस एकच असताना पहिल्या वाक्यातलं क्रियापद अनेकवचनी का, हे मुलांनी सांगायचं होतं. उत्तर लगेच आलं : आदरार्थी बहुवचन. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘‘बाई, पण आपले शिपाईकाका तर मुख्याध्यापकांपेक्षा मोठे आहेत ना?’’ वयानं मोठे, असं तिला म्हणायचं होतं. वर्ग हसला. ‘‘हो, बस खाली,’’ म्हणून मी पुढच्या उदाहरणाकडे वळले.

एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं आणि ती दोन वाक्यं दरवर्षी फळ्यावर लिहीत राहिले. दुसरं वाक्य कुठल्या पाठ्यपुस्तकातून उतरवलेलं नव्हतं. ते माझ्या हातून आपसूक उमटत होतं, आणि म्हणूनच आज निवृत्तीनंतर ते मला जास्त छळतं. काका रोज सकाळी सहाला येऊन फाटक उघडायचे. समोर मी त्यांना ‘काका’ म्हणत होते. पाठीमागे, फळ्यावर, ते ‘आला’ होते.

मराठीत कुणाला साधं ‘बस’ म्हणायचं तरी आधी मनात एक हिशेब होतो. बस, बसा, बसावं. समोरच्याचं वय, नातं, हुद्दा, कपडे, हातातली पिशवी, पायातली चप्पल, आडनाव, हे सगळं क्षणभरात तोलून मग शब्द बाहेर पडतो. रिक्षा थांबवताना ‘ए, थांब रे’ आणि मोटार वाटेत उभी करणाऱ्याला ‘अहो, जरा पुढे घेता का?’ हे दोन्ही आपण एकाच चौकात, एकाच मिनिटात म्हणतो. कुणी ठरवून म्हणत नाही. हा तराजू इतक्या लहानपणी हाती येतो की तो हातात आहे याचाच विसर पडतो. भाषा आणि समाज यांच्यावर परिसंवाद पुष्कळ होतात. मला वाटतं, त्यांतला अर्धा विषय ‘ये’ आणि ‘या’ यांच्या मधल्या एका काना-मात्रेत बसलेला आहे.

आधी घराचंच बघू. माझ्या लहानपणी ‘आई आली’ आणि ‘बाबा आले’. आई एकवचनी, बाबा बहुवचनी. आईवर माया जास्त म्हणून ‘तू’, असं आम्हाला सांगितलं जायचं आणि ते खोटं नव्हतं. पण आई बाबांना ‘अहो’ म्हणायची आणि बाबा आईला ‘अगं’, हेही त्याच घरात होतं. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून आम्ही फक्त हळदीकुंकवाला, उखाण्यातच ऐकलं. त्याआधीच्या पिढीत तर ‘इकडून’ येणं व्हायचं आणि ‘तिकडे’ विचारलं जायचं. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झालं. त्यात आपल्या नवऱ्याचा, न्यायमूर्ती रानड्यांचा, उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. सभा भरवणाऱ्या, सेवासदन उभारणाऱ्या या बाईंनी नवऱ्याविषयी लिहिताना नावही टाळलं आणि साधं सर्वनामही. पुढे १९३४पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी आली. त्या आपल्या नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात. त्यांचं प्रेम आणि त्यांची भांडणं त्या एका शब्दात मोकळी होतात. दोघीही जुन्या काळच्या, दोघींचीही लग्नं कोवळ्या वयात झालेली. पण दोघींनी नवऱ्याला कशी हाक मारली, एवढ्यावरून दोन संसारांची घडण समोर येते.

माझी मुलगी जावयाला नावानं हाक मारते. आठ वर्षांचा नातू त्याला ‘ए बाबा’ म्हणतो. माझ्या आईनं हे ऐकलं असतं तर तिला धक्का बसला असता, मला बरं वाटतं. दोन पिढ्यांत, एकही मोर्चा न निघता, मराठी घरातलं क्रियापद बदललं. वडिलांचा धाक कमी झाला, बाईची किंमत वाढली, आणि शब्दांनी ती नोंद करून ठेवली.

रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या दोन अभ्यासकांनी १९६० साली नेमक्या याच गोष्टीवर एक निबंध लिहिला. फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषांतही आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. त्यांनी दाखवलं की युरोपात पूर्वी वरचा खालच्याला ‘तू’ म्हणे आणि खालचा वरच्याला ‘तुम्ही’. पुढे हे एकतर्फी बोलणं मागे पडत गेलं आणि जवळचे असाल तर दोघांनी ‘तू’, परके असाल तर दोघांनी ‘तुम्ही’, अशी रीत पडली. सत्तेच्या जागी आपलेपणा आला. मला त्यातली परतफेडीची कल्पना फार मोलाची वाटते. ‘तू’ हा शब्द वाईट नाही. विठ्ठलाला आपण ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो, गावाकडच्या कितीतरी घरांत आजोबांनाही म्हणतात. प्रश्न एवढाच असतो, की समोरच्याला उलट ‘तू’ म्हणता येतं का?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो सर्वनामापुरता कधीच नव्हता. १७७९च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कंपनी सरकारनं एक हुकूम काढला : सोनारांनी अभिवादन म्हणून ‘नमस्कार’ म्हणायचं नाही. ‘नमस्कार’ हा ब्राह्मणांचा मान, तो इतरांनी घ्यायचा नाही, हा त्यामागचा वाद. समुद्रापलीकडून व्यापारासाठी आलेल्या सरकारला इथल्या एका शब्दासाठी हुकूम काढावा लागला, यावरून त्या शब्दाचं वजन ओळखावं. आज आपण भाषणाच्या सुरुवातीला सहज ‘नमस्कार’ म्हणतो. तो कुणीही म्हणावा, यासाठी लोक झगडले आहेत.

आणि सोनार तर गावात बरेच वर होते. महारांच्या वाट्याला ‘जोहार’ होता. जोहार घालायचा, तो परत मिळण्याची अपेक्षा धरायची नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये लिहिलं आहे की रस्त्यात वरच्या जातीचा माणूस दिसला आणि एखाद्या नव्या सुनेकडून ‘पाया पडते’ म्हणायचं राहून गेलं, तर तो माणूस जाब विचारायला येई आणि अख्ख्या वस्तीला गयावया करावी लागे. ती मुलगी असेल बारा-तेरा वर्षांची. बोलली काहीच नाही, हाच तिचा गुन्हा. मी हे पुस्तक प्रथम वाचलं तेव्हा ही जागा ओलांडून पुढे जाता येईना. माझ्या आजोळच्या वाड्यात ‘तराळ आलाय’ असं आजी आतून सांगायची, ते कानात वाजायला लागलं. हे तराळ, गावकीचं काम करणारे महार, आजीपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे होते. आम्ही पोरं त्यांना ‘ए’ म्हणत होतो आणि ते आम्हाला ‘धाकलं मालक’.

म्हणून ‘जय भीम’ या दोन शब्दांकडे मी भाषेची शिक्षिका म्हणून फार आदरानं पाहते. कामठीचे बाबू हरदास यांनी हे अभिवादन रुजवलं असं मानलं जातं. १९०४ साली जन्मलेले हे कार्यकर्ते १९३९मध्ये, पस्तिशीतच गेले. जोहारच्या जागी ‘जय भीम’ आला तेव्हा नुसता शब्द बदलला नाही. जोहारला उत्तर नव्हतं. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ हेच उत्तर आहे. म्हातारा म्हणाला तरी तेच, पोर म्हणालं तरी तेच, कलेक्टर म्हणाले तरी तेच. घालणारा आणि घेणारा हा भेदच त्यात उरला नाही. मराठीच्या गेल्या शंभर वर्षांतली ही सगळ्यात मोठी व्याकरणदुरुस्ती आहे, असं मी मानते. ती व्याकरणकारांनी केलेली नाही.

वारीतही असंच घडतं. पालखीच्या वाटेवर ज्याला त्याला ‘माऊली’, आणि पाया पडायचं तर दोघांनी एकमेकांच्या. मी दोनदा आळंदीहून पुण्यापर्यंत चालले आहे. माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोलिसाला लोक ‘माऊली’ म्हणत होते आणि तोही गर्दी मागे सारताना ‘माऊली, मागं व्हा’ असंच म्हणत होता. तोच पोलीस इतर दिवशी ठाण्यात आलेल्या शेतमजुराशी कसा बोलत असेल, हे मला ठाऊक नाही. पण शब्द त्याच्या तोंडात आहे, हे मी ऐकलं आहे.

आता शहराकडे येऊ. जुन्या मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत. त्याचं नाव काहीही असो, तो रामाच. आज ‘रामा’ गेला आणि ‘मावशी’ आली. नात्याचा शब्द आला, ही सुधारणा खरीच. पण नातं शब्दाच्या पुढे सरकलेलं नाही. सोसायटीत कान देऊन ऐका : ‘‘मावशी, आज उशीर केलास?’’ ‘‘काका, कचरा नाही नेलास?’’ नातं थोरलं आणि क्रियापद धाकटं. आपल्या सख्ख्या काकांना आपण हे असं म्हणत नाही.

याच आपल्या समाजाचे कान दुसऱ्या बाबतीत किती तिखट आहेत! कुणी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटलं, ‘लोणी’ऐवजी ‘लोनी’ म्हटलं, की लगेच भुवया वर जातात. मीही वर्गात कितीतरी मुलांचे ‘न’ सुधारले. त्यातली काही मुलं त्यानंतर वर्गात बोलेनाशी झाली, हे मला उशिरा कळलं. ‘पानी’ म्हटलेलं आपल्याला खटकतं. साठीच्या माणसाला विशीतल्या पोरानं ‘अरे’ म्हटलेलं खटकत नाही. शुद्धलेखनाचे इतके नियम मी शिकवले, त्यात बोलण्याच्या या अशुद्धतेचा एकही नव्हता.

सरकारनं करावं असं यात थोडं आहे. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या मातूर ग्रामपंचायतीनं २०२१ साली ठराव केला की कार्यालयात आलेल्या माणसानं कर्मचाऱ्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायची गरज नाही. आपल्या एखाद्या पंचायतीनं, तलाठी कार्यालयानं, सरकारी दवाखान्यानं ‘येणाऱ्या प्रत्येकाशी आम्ही अहोजाहोनं बोलू’ अशी एक पाटी लावली, तर तिला खर्च येणार नाही. पण फलक बदलणं सोपं असतं. चौकटीच्या आत बसलेला माणूस बाहेरच्या धोतराकडे बघून ‘काय रे?’ म्हणतो, तो ‘रे’ कुठल्याही शासन निर्णयानं निघत नाही.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी अकरा वर्षं येतात. साठी ओलांडली आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या, त्याही साधारण त्याच वयाच्या. नातू त्यांना म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही बसा ना.’’ आणि त्याच श्वासात स्वयंपाकघराकडे वळून, ‘‘मावशी, तू माझा डबा कुठे ठेवलास?’’ पोरगं गोड आहे, मावशींवर त्याचा जीव आहे, ताप आला की त्यांच्याच मांडीवर झोपतं. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यानं आमच्याकडून ऐकलं होतं. फळ्यावरची ती दोन वाक्यं माझ्या घरात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘‘मावशी, चहा घ्या.’’

त्या हातातलं भांडं तसंच धरून थांबल्या. ‘‘घ्या? काय झालं बाई, माझं काही चुकलं का?’’

कारण आपल्याकडे रागावलं की अहोजाहो सुरू होतं. इतक्या वर्षांनंतर मिळालेला मान त्यांना बोलणी खाण्यासारखा वाटला. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘नका हो, परक्यावानी वाटतं. तू म्हना, त्यात माया हाय.’’ हेच उत्तर बहुतेक वाचकांच्या मनात असेल, आणि ते मी हलकं मानत नाही. मायेचा ‘तू’ असतोच. मी त्यांना म्हटलं, ‘‘मग तुम्हीही मला ‘तू’ म्हणा. मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहानच आहे.’’ त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसत म्हणाल्या, ‘‘आता तुमाला कसं म्हनू?’’

माया दोघींची होती. ‘तू’ एकीकडेच होता.

मी ‘तुम्ही’ सोडलं नाही. अडखळत होते, घाईत असले की जीभ जुन्या वळणावर जायची. नातवाला सवय व्हायला आठवडा पुरला, मला तीन महिने लागले. पहिल्यांदा त्यानं ‘‘मावशी, तुम्ही जेवलात का?’’ असं विचारलं, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, पण ताटात त्यानं नको म्हटलेली भाजी तो निमूट संपवेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिल्या.

दिवाळी येईल. घरोघरी बोनसची पाकिटं निघतील, फराळाची ताटं भरली जातील. ती देताना ‘घे’ऐवजी ‘घ्या’ म्हणून पाहा, आणि घरातली मुलं ते ऐकताहेत ना, एवढं बघा. आमच्या मावशी यंदा भाऊबीजेला नातवासाठी करंज्या घेऊन येणार आहेत. त्या आता माझं ‘तुम्ही’ ऐकून दचकत नाहीत. मला मात्र त्यांनी अजून ‘तू’ म्हटलेलं नाही.