बिघाडाचा हिशेब

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लासूर स्टेशन लागते. तेथून गाडी गेली की रेल्वेचा जुना, हाताचा सिग्नल आम्हांला आठवतो. त्याची तार तुटली तर वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा होई आणि गाडी थांबे. तार कधीतरी तुटणारच, हे तो घडविणाऱ्याने आधीच मान्य केले होते. ही कबुली आम्हांला पापनिवेदनाच्या फार जवळची वाटते.

लासूरहून वाळूजची औद्योगिक वसाहत दूर नाही. वाहनांचे सुटे भाग घडविणाऱ्या उद्योगात ही कबुली तक्त्यावर उतरते. भाग कसा निकामी होईल, परिणाम किती गंभीर, तसे किती वारंवार घडेल आणि दोष हुडकणे किती अवघड, यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत रूढ झाली. ज्याचा आकडा मोठा, त्याकडे आधी लक्ष. समजा, ब्रेक निकामी होण्याला १०, २ आणि २ गुण मिळाले: गुणाकार ४०. रंगावरील डागाला ४, ५ आणि ५: गुणाकार १००. डाग वर आणि मरण खाली! जीव हा इतर घटकांच्या पंक्तीला बसवला की असे होते. अमेरिका व जर्मनीतील मोटार-उद्योग संघटनांनी २०१९ साली संयुक्त पुस्तिका काढून हा गुणाकार बाजूला ठेवला व गांभीर्याला अग्रक्रम दिला. उशिरा का होईना, दिला.

तथापि तक्ता यंत्राचा असतो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधील हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार दगावले. झोपलेल्या माणसासाठी कोणता रकाना?

अशा शवपेट्यांपाशी 'देवाची इच्छा' म्हणणे आम्हां धर्मगुरूंना सोपे जाते. लॅटिनमध्ये 'प्रोव्हिदेन्शिया' हा एकच शब्द देवाच्या पालनयोजनेला आणि माणसाच्या दूरदृष्टीलाही लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तर दूरदृष्टीला सुज्ञतेचा प्रमुख घटक मानले. 'ठाऊक नव्हते' हा बचावही ख्रिस्ती नीतिशास्त्र सरसकट स्वीकारीत नाही; जाणून घेणे शक्य असून टाळले, तर त्या अज्ञानाचाही दोष लागतो. मिस्सेच्या आरंभी आपण कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही क्षमा मागतो, ती केवळ कारखानदारांनी मागायची नसते.

घरभेटींत आम्ही कामगार मुलांच्या पगाराची, लग्नाची, रविवारच्या मिस्सेची चौकशी करीत आलो. रात्री झोपता कुठे आणि तेथे बाहेर पडायला दारे किती, हे मात्र कधी विचारले नाही.