वही कोणाच्या हाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीची पूजा होते. परभणीच्या पेठेत, सेलूच्या मोंढ्यात, मानवतच्या अडतीवर, जिथे म्हणून देवघेव आहे तिथे लाल पुठ्ठ्याची कोरी वही पाटावर मांडतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, 'शुभ' आणि 'लाभ' लिहितात आणि वर विड्याचे पान, सुपारी नि रुपया ठेवतात. हिशेब संगणकात जाऊन पुष्कळ दिवस झाले, तरी पूजेपुरती का होईना, एक वही येतेच. मला या प्रथेचे कौतुक वाटते. लिहिण्याच्या साधनाला हळदकुंकू वाहणारा समाज लेखनाला अगदीच हलके मानीत नसावा, असे मनाशी म्हणून माझ्यासारखा कादंबरीवाला सुखावतो.

पण त्या वहीत लिहितात काय? रुपया कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, एवढेच. यंत्र मंगळवारी का थांबले, मालाला डाग कोणत्या पाळीत लागला, कोणते सूत किती दिवस ओलीत पडून आहे, यांची वही कोणी पूजेला मांडलेली मी तरी पाहिली नाही; कारण बहुतेक ठिकाणी ती वहीच नसते. पैशाची वही आणि कामाची वही यांतल्या या अंतराविषयी मी एरवी फारसा विचार केला नसता. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. व्यापारशास्त्राच्या मोठ्या विद्यालयांत काय शिकवतात याच्याशी मास्तराचा संबंध येतो कुठे? पण एका संशोधनाची हकीकत वाचनात आली, आणि ती इतकी आपल्या घरची निघाली की बाजूला ठेवता येईना.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, त्यांच्याबरोबर अप्रजित महाजन, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेंझी आणि आणखी दोघे असे पाच जण २००८ साली एक प्रश्न घेऊन आपल्या महाराष्ट्रात आले. प्रश्न साधाच होता: कारखाना चालविण्याची पद्धत सुधारली तर काम खरोखरच सुधारते काय? पुस्तकी उत्तर त्यांना नको होते. मुंबईच्या उत्तरेला तारापूर, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते नि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, आणि गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव, येथील सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्या त्यांनी निवडल्या. त्यांचे मिळून २८ कारखाने होते, आणि मालकी घराण्यांचीच. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे केले. ११ कंपन्यांना सल्लागार पाठवले. त्यांनी महिनाभर पाहणी केली आणि पुढे चार महिने रोज उभे राहून नवी पद्धत बसवून दिली. उरलेल्या सहांच्या वाट्याला नुसती एक महिन्याची पाहणी आली. मालकांना खर्च काही नव्हता.

आणि ही नवी पद्धत म्हणजे काय होती? एकूण ३८ गोष्टी होत्या, पण त्यांतल्या बहुतेक आपल्या आजीने ऐकल्या असत्या तर ती हसली असती. जमीन झाडून ठेवा. हत्यारे जागच्या जागी टांगा. सुताच्या पेट्यांवर चिठ्ठी लावा, म्हणजे कोणते सूत कोणत्या जातीचे आणि कधी आले ते कळेल. माग बंद पडण्याची वाट न पाहता त्याला आधीच तेलपाणी करा. कापडात दोष निघाला तर कोणत्या मागावर, कोणत्या प्रकारचा, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि रोज सकाळी चार जणांनी एकत्र बसून ते लिहिलेले वाचा. फडताळातल्या डब्यांवर नावे घालणारी, जुने तांदूळ पुढे आणि नवे मागे ठेवणारी कोणतीही गृहिणी यांतले निम्मे काम न शिकता करते. (माझ्या घरात डब्यांवर नावे नाहीत, पण ती डोक्यात आहेत, म्हणून गृहिणी माहेरी गेली की हिंगाच्या शोधात सारी फळी उतरवावी लागते.)

एवढ्याने पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. दोष घटले, पडून राहणारा साठा घटला, आणि तीन वर्षांच्या आत या मंडळींनी नवे कारखानेही काढले. २०१३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

आता इथे कोणीही विचारील, की एवढे सोपे होते तर इतकी वर्षे का केले नाही? मालक काही भोळे नव्हते; रुपयाची वही त्यांची चोख असणार. संशोधकांना आढळले ते असे, की काहींनी या गोष्टी ऐकलेल्याच नव्हत्या, आणि ज्यांनी ऐकल्या होत्या त्यांना त्या आपल्या कामाच्या वाटत नव्हत्या. शेजाऱ्याचे कापड जेवढे बरे तेवढे आपलेही बरे, मग हा उपद्व्याप कशाला? हे झाले एक कारण. पण त्याच निबंधात दुसरी एक गोष्ट आहे, आणि मला खरा प्रश्न तिथे दिसतो.

या कंपन्या किती मोठ्या होतात हे कशावर ठरते? ज्याची पद्धत उत्तम त्याचा पसारा मोठा, असे आपण म्हणू. पण पसाऱ्याशी सर्वांत जवळचे नाते दिसले ते घरातल्या पुरुषांच्या संख्येचे. दोन भाऊ आणि तीन मुलगे असतील तर कारखाने अधिक. एकटा मालक असेल तर एकावरच थांबला. बाहेरच्या माणसाच्या हाती कारभार द्यायचा म्हणजे चोरी होणार, आणि चोरी धरली तरी कोर्टात वर्षे जाणार, असा हिशेब. घरच्या मुलींची गणती या हिशेबात नव्हतीच. त्यांचा हात किती साफ होता, हे कोणी विचारलेच नसेल.

आपल्याकडे व्यापारी हसत हसत म्हणतात, "विश्वास तर पानिपतावर गेला!" श्लेष जुना आहे. पण तो विश्वास होता कोण? नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा. एवढी मोठी फौज उत्तरेत पाठवताना तिच्यावर नावाचा सेनापती म्हणून घरचाच तरणा मुलगा ठेवला गेला, आणि तो १४ जानेवारी १७६१ रोजी पडला. म्हणजे ज्या म्हणीच्या आधारे आपण परक्यावर भरवसा टाकायचे टाळतो, तिच्यातला मेलेला माणूस परका नव्हता, पोटचा होता.

तेव्हा नीतीचा प्रश्न असा: माणूस विश्वासाचा आहे हे आधी कळावे आणि मग त्याच्या हाती काम द्यावे, की काम हाती दिल्याशिवाय तो विश्वासाचा होतच नाही? आणि त्या दोहोंच्या मध्ये ही वही कोणाच्या बाजूने उभी राहते?

वहीवर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही, हे सांगून टाकतो. शाळेत मी दोन प्रकारच्या नोंदी ठेवतो. एक तपासणीसाठी, ती सुवाच्य असते, तिच्यात शाई सांडलेली नसते, आणि साहेब सही करून गेले की पुढच्या साहेबापर्यंत तिला कोणी हात लावीत नाही. दुसरी एक दुमडलेली चोपडी खिशात असते. तिच्यात लिहिलेले असते, की अमक्याला हातचा घेता येतो पण वजाबाकीत शून्य आले की तो अडतो, तमकी ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली होती ती माघात परत आली. ती चोपडी कोणी पाहत नाही, आणि तिच्यावाचून मला वर्ग चालवता यायचा नाही. दोन्ही वह्याच. पहिली माझ्यावर पहारा ठेवते. दुसरी मला आठवण देते.

आमच्या भागातल्या एका जिनिंगमध्ये एक मेस्त्री होते. कापसाची सरकी वेगळी करणारी यंत्रे, जीन, एका ओळीत उभी असतात. हंगामात गाड्यांची रांग लागते, आणि एखादा जीन तुंबला की मागे ओरड सुरू. मेस्त्रींनी मागच्या भिंतीवर खडूने जीनचे आकडे मांडले होते आणि जो जीन थांबेल त्याच्यापुढे एक रेघ ओढीत. कापूस ओला होता म्हणून थांबला तर रेघेखाली टिंब. ओढा कुठे आहे ते त्यांना भिंत पाहून कळे. नव्या हंगामाआधी रंगसफेदी निघाली आणि भिंत पांढरी झाली. कोणी मुद्दाम केले नाही. त्या भिंतीवर काही लिहिलेले आहे हेच पेढीवर ठाऊक नव्हते. मेस्त्री मला हे सांगताना चिडले नव्हते. एवढेच म्हणाले, "मास्तर, वही असती तर तिला चुना लागला नसता. पण वही पेढीवर असते, आणि आम्हाला पेढीवर बोलावतात ते पगाराला."

तारापूरच्या कारखान्यांत सकाळची जी बैठक बसू लागली, तिचे मोल मला या वाक्यामुळे कळले. दोषांची वही तर मालक एकटाही वाचू शकला असता, आणि मग तिचा चाबूक झाला असता. चौघांनी वाचली म्हणून तिची आठवण झाली. याहून पुढचे उदाहरण अहमदाबादचे आहे. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग आणले होते, पण त्यांचे चीज होत नव्हते. प्रत्येक कामगाराकडे कामाचा एकेक तुकडा, आणि पुऱ्या मागाचा धनी कोणीच नाही. काही मागांचा गट एका टोळीने सांभाळावा, अशी सूचना पुढे आली. ती कामगारांनीच उचलली आणि माणसांची वाटणीही आपापसांत लावून घेतली. कापड वाढले, नुकसान घटले. तिथे मालकाच्या मुलाची गरज पडली नाही.

तारापूरची मंडळी मात्र पुन्हा तिथे गेली, २०१७ मध्ये. नऊ वर्षे उलटली होती. बसवून दिलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. तरी ज्यांना सल्ला मिळाला ते कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते, आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या कारखान्यांतही काही गोष्टी आपोआप पसरल्या होत्या. सुटल्या त्या का सुटल्या? एक कारण मालकांना वेळ उरला नाही हे. आणि दुसरे, कारखान्याचा व्यवस्थापक बदलला हे. पद्धत त्या माणसाबरोबर आली होती आणि त्याच्याबरोबर दाराबाहेर गेली.

हे वाचले आणि मला तो पगारी माणूस दिसू लागला. मालकाचा पुत्र नाही, पुतण्या नाही. रोज सकाळी त्याने चार जणांना बसवले, दोष वाचून दाखवले, सुताला चिठ्ठ्या लावल्या. मग एके दिवशी दुसरीकडे दोन पैसे अधिक मिळाले म्हणून, किंवा इथे आपण कितीही केले तरी खुर्ची घरच्यांचीच आहे हे उमजले म्हणून, तो डबा उचलून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीची वेळ झाली असेल. वही टेबलावर असेलच. ती कोणी उघडावी, एवढेच ठरलेले नसेल.