पदक नसलेले शौर्य



शूर कोणाला म्हणावे? बहुतेक वेळा आपण छातीवरचे पदक पाहून उत्तर देतो.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. रायगडचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. वय 22. नगरचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीतून आणि सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना सुखरूप आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचा पुतळा माणगावात आहे, आणि 2023 साली इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले.

हे योग्यच झाले. पण त्याच पलटणींत पदक न मिळालेले हजारो शिपाई होते. युद्ध संपल्यावर ते पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले आणि भातशेतीला लागले. पुढे 1962, 1965, 1971 आणि 1999 च्या युद्धांनंतरही असेच जवान घरी आले. आपल्या जिल्ह्यात आंबोली, चौकुळ, गेळे या गावांतून तर पिढ्यानपिढ्या मुले फौजेत गेली. त्यांना शूर म्हणायचे की नाही?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला. त्यांच्या मते धैर्याचे मुख्य काम हल्ला करणे नव्हे, तर संकटात ठाम उभे राहून सहन करणे हे आहे. हल्ला काही क्षणांचा असतो. सहन करणे लांबत जाते. बर्फातला पहारा, घरून आलेली आजारपणाची चिठ्ठी आणि नामंजूर झालेली रजा, बाजूला पडलेला सोबती: हे सारे सोसून जो जागा सोडत नाही, तोही शूरच.

कोणी म्हणेल, त्याचा त्याला पगार मिळाला, आता पेन्शन मिळते. पगार कामाचा असतो. जिवाची जोखीम पगारात मोजता येत नाही. शिवाय हाती बंदूक असून जी गोळी त्याने आवरली, त्या संयमाला कोणते पदक आहे? लूकच्या शुभवर्तमानात सैनिक योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. कोणावर जुलूम करू नका, मिळेल त्या पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. म्हणजे शिपायाचा चांगुलपणा त्याने काय केले नाही, यातही असतो. तो कोणाला दिसत नाही.

आणि आपण? पंधरा ऑगस्टला त्याला झेंड्याजवळ उभे करतो आणि एरवी कँटीनची बाटली मिळेल का म्हणून विचारतो. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेला हा माणूस मग कुठे बँकेच्या दारात पहारा देतो, कुठे आंब्याची बाग राखतो. रात्री त्याला झोप का येत नाही, हे शेजाऱ्याला ठाऊक नसते.

कृतज्ञता ही मर्जीची गोष्ट नाही, ते देणे आहे. ते फेडायला पुतळाच लागतो असे नाही. या आठवड्यात आपल्या वाड्यातल्या एखाद्या माजी सैनिकाच्या ओट्यावर घटकाभर बसा. शत्रू किती मारले, हे विचारू नका. दिवस कसे काढले, ते विचारा. तो बोलला तर ऐका. नाही बोलला, तरी बसा.